विंडोज ९८ च्या लॅपटॉपमध्ये पीसी कार्ड स्लॉटातील नेटवर्क कार्ड सुरू होत नाही

धूळपाटी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर (पदार्थाने किती प्रकाश शोषला ते मोजणारे यंत्र) आहे आणि त्याला विंडोज ९८ सेकंड एडिशनवर चालणारा एक लॅपटॉप जोडलेला आहे. यंत्र उत्तम स्थितीत असून त्याची मोजमापे आजही विश्वासार्ह आहेत. मात्र त्याबरोबर आलेले सॉफ्टवेअर सिरियल पोर्टशी थेट व्यवहार करते आणि विंडोज २०००, एक्सपी किंवा त्यापुढील कोणत्याही आवृत्तीवर उघडतच नाही. त्यामुळे लॅपटॉप किंवा त्यावरील प्रणाली बदलण्याचा पर्याय आमच्यापुढे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आजवर मोजणीच्या फाइली आम्ही फ्लॉपीवर घेऊन दुसऱ्या संगणकावर नेत होतो. आता फ्लॉप्या एकामागून एक निकामी होऊ लागल्या आहेत, आणि नव्या मिळाल्या तरी त्यांच्यावर विसंबावे असे वाटत नाही. लॅपटॉपला एक यूएसबी पोर्ट आहे, पण पेन ड्राइव्ह लावला की विंडोज ड्रायव्हर मागते. सीडी ड्राइव्ह चालते, मात्र ती केवळ वाचणारी आहे. म्हणून पीसी कार्डाच्या स्लॉटात (लॅपटॉपच्या बाजूला पातळ कार्ड सरकवण्याच्या खाचेत) बसणारे एक वापरलेले ईथरनेट कार्ड मिळवले. कार्डावर कंपनीचे लेबल राहिलेले नाही. सोबत आलेली सीडी टाकून पाहिली, तर तिच्यात विंडोज २००० आणि एक्सपी एवढेच दोन फोल्डर आहेत. त्यांपैकी एक्सपीचा ड्रायव्हर दाखवून पाहिला, परंतु काम झाले नाही.

सध्याची स्थिती अशी आहे की कार्ड आत सरकवल्यावर एक बीप ऐकू येतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अदर डिव्हायसेस' या गटाखाली पिवळ्या प्रश्नचिन्हासह 'पीसीआय ईथरनेट कंट्रोलर' अशी ओळ दिसते. स्लॉट बिघडला आहे, कार्ड खराब आहे की केवळ ड्रायव्हरचा प्रश्न आहे, हे कसे ओळखावे? या लॅपटॉपमध्ये गेल्या अनेक वर्षांच्या नोंदी आहेत, त्यामुळे धोका पत्करण्याची आमची तयारी नाही.

तारजोड

आपण दिलेल्या माहितीत तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. स्लॉट चालू आहे आणि कार्डही बहुधा जिवंत आहे.

पीसी कार्डांचे दोन प्रकार असतात. जुने कार्ड १६ बिटांचे असते आणि त्याची मांडणी आयएसए बससारखी, म्हणजे संगणकातील कार्डांच्या जुन्या जोडमार्गासारखी, असते. १९९५ च्या पीसी कार्ड मानकात आलेले कार्डबस हे ३२ बिटांचे असून प्रत्यक्षात ते पीसीआय या नंतरच्या बसचेच विस्तारित रूप आहे. दोघांना ६८ पिनांचीच जोडणी असते, म्हणून वरवर पाहता ती सारखी भासतात. कार्डबसच्या जोडणीच्या टोकाशी बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी असते आणि १६ बिटांच्या कार्डावर ती नसते, हीच ओळखण्याची सोपी खूण. तुमच्याकडे 'पीसीआय' असे नाव दिसत असल्यामुळे कार्ड कार्डबस प्रकारचे आहे. 'ईथरनेट कंट्रोलर' हे शब्द विंडोजने कल्पनेने लावलेले नाहीत. प्रत्येक पीसीआय उपकरण आपला वर्ग सांकेतिक अंकांत स्वतःजवळ बाळगून असते आणि विंडोजने तो वर्ग वाचून ही ओळ दाखवली आहे. याचा अर्थ लॅपटॉपमधील कार्डबस नियंत्रक चालतो, कार्डाला वीज मिळते आणि कार्ड विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. उरतो तो केवळ ड्रायव्हरचा प्रश्न.

आता कार्डावर लेबल नाही याची चिंता करू नये. लेबल असते तरी मी त्यावर विसंबलो नसतो, कारण एकाच नावाच्या आणि एकाच मॉडेल क्रमांकाच्या कार्डात उत्पादक मधल्या काळात चिप बदलत असत. ड्रायव्हर नावाला लागत नाही, चिपला लागतो. चिपची ओळख रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, मिळेल. कार्ड आत ठेवून रजिस्ट्री एडिटर उघडावा, 'एचकी लोकल मशीन' खाली 'एनम' आणि त्याखाली 'पीसीआय' ही शाखा उघडावी. तेथे 'व्हीईएन' आणि 'डीईव्ही' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या अनेक नोंदी दिसतील. 'व्हीईएन'पुढील चार अक्षरे चिपच्या उत्पादकाची आणि 'डीईव्ही'पुढील चार अक्षरे त्या विशिष्ट चिपची असतात. उदाहरणार्थ ८०८६ म्हणजे इंटेल, १०बी७ म्हणजे थ्रीकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक. यांतील कोणत्या नोंदीचे वर्णन 'पीसीआय ईथरनेट कंट्रोलर' आहे ते पाहून तिचे आकडे येथे लिहावेत. तेथे काहीही बदलू नये, फक्त वाचावे.

त्याआधी एक काम मात्र अवश्य करावे. लॅपटॉपची हार्ड डिस्क बाहेर काढून ४४ पिनांच्या आयडीई डिस्कसाठी मिळणाऱ्या यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेऊन ठेवावी. केवळ फाइलींची नक्कल पुरेशी नाही. यंत्राचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याची वेळ आली तर रजिस्ट्रीसह सर्व काही जसेच्या तसे परत आणता यायला हवे. इतक्या जुन्या डिस्कचा भरवसा नेटवर्क कार्डाच्या प्रश्नापेक्षा अधिक गंभीर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धूळपाटी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. सोनेरी पट्टी आहे. डिस्कची प्रतिमा घेतली आणि ती दोन ठिकाणी ठेवली आहे. रजिस्ट्रीत त्या वर्णनाची नोंद १०ईसी आणि ८१३९ अशी आहे.

एक गोष्ट विचारायची राहिली. एक्सपीचा ड्रायव्हर दाखवल्यानंतर आता कार्ड काढून पुन्हा घातले तरी विंडोज नव्याने काही विचारत नाही, थेट जुनीच ओळ दाखवते. हे कशामुळे होत असावे?

तारजोड

१०ईसी आणि ८१३९ म्हणजे रिअलटेकची आरटीएल८१३९ चिप. त्या काळातील अतिशय प्रचलित अशा १०/१०० मेगाबिट वेगाच्या ईथरनेट चिपांपैकी ती एक आहे आणि विंडोज ९८ साठी तिचा ड्रायव्हर उपलब्ध आहे, त्यामुळे तुम्ही सुदैवी आहात. तो उतरवून घेताना नोटपॅडमध्ये ड्रायव्हरसोबतची 'आयएनएफ' फाइल (बसवण्याच्या सूचनांची मजकूर फाइल) उघडून तिच्यात हेच दोन आकडे एका ओळीत सापडतात का ते शोधावे. सापडले नाहीत तर तो ड्रायव्हर तुमच्या कार्डाचा नाही, मग फोल्डरवर काहीही लिहिलेले असो. फोल्डर विंडोज ९८ चाच असल्याचीही खात्री करावी. लागणाऱ्या फाइली लहान असतात, त्या फ्लॉपीवर मावतील. तरी तुमच्या फ्लॉप्यांची अवस्था पाहता दुसऱ्या संगणकावर सीडी तयार करून तीच वापरणे शहाणपणाचे ठरेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, बाहेरून दाखवलेल्या ड्रायव्हरची 'आयएनएफ' फाइल विंडोज ९८ स्वतःकडे साठवून ठेवते. विंडोजच्या फोल्डरात 'आयएनएफ' नावाचा लपवलेला फोल्डर असतो आणि त्यात 'अदर' नावाचा उपफोल्डर. एक्सपीच्या ड्रायव्हरची फाइल तेथे बसली असण्याची शक्यता आहे. ती ओळखून दुसरीकडे हलवावी, डिव्हाइस मॅनेजरमधून प्रश्नचिन्हाची ओळ काढून टाकावी, लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा आणि मग कार्ड आत घालावे. विंडोज पुन्हा विचारील, तेव्हा सर्व ड्राइव्हमध्ये शोधण्याचा पर्याय बंद ठेवून नेमका फोल्डर दाखवावा.

बसवताना विंडोज ९८ ची मूळ सीडी मागितली जाईल, कारण टीसीपी/आयपीच्या (नेटवर्कवरील संवादाच्या नियमांच्या) फाइली तिच्यात असतात. डिस्कवर जागा असेल तर सीडीतील 'विन९८' फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर नकलून ठेवावा आणि मागणी आली की तो दाखवावा. ड्रायव्हरची सीडी आणि विंडोजची सीडी आळीपाळीने टाकण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. एखादी फाइल आधीच अधिक नव्या आवृत्तीची आहे, ती तशीच ठेवायची का, असे विचारले गेले तर होकार द्यावा.

चुंबकसूची

तारजोड यांच्या सल्ल्याशी सहमत आहे. तरीही माझा एक वेगळा विचार मांडतो. जिच्यातील एकही फाइल हलवायची नाही अशा प्रणालीत ड्रायव्हर बसवण्यापूर्वी कार्ड खरोखर चालते का, हे बाहेरून तपासता येते. डॅम स्मॉल लिनक्सची जुनी आवृत्ती ही सुमारे ५० एमबीची, सीडीवरून चालणारी प्रणाली अशा जुन्या लॅपटॉपवर सहज सुरू होते आणि आरटीएल८१३९ चा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आधीपासूनच आहे. तिथे कार्डाला पत्ता मिळाला आणि दुसऱ्या संगणकाशी संपर्क झाला, तर कार्ड, त्याची छोटी जोडवायर आणि केबल या तिन्हींची परीक्षा विंडोजला हात न लावता पूर्ण होते. त्याच सीडीवरून फाइलीही हलवता येतील. मग विंडोज ९८ मध्ये काही बसवायची गरजच काय?

छोट्या जोडवायरीकडे विशेष लक्ष द्यावे, असे सुचवतो. पीसी कार्ड पातळ असल्यामुळे नेटवर्क केबलचे टोक थेट त्यात मावत नाही, म्हणून अनेक कार्डांना वेगळी जोडवायर देत असत. तिच्या चपट्या टोकातील बारीक पिना वारंवार काढघाल करून सैल होतात आणि मग विंडोजमध्ये सर्व काही ठीक दिसते, पण दिवा लागत नाही. दुसऱ्या कार्डाची जोडवायर दिसायला हुबेहूब असली तरी ती वापरू नये. पिनांची मांडणी प्रत्येक उत्पादकाची स्वतंत्र असू शकते.

तारजोड

तपासणीसाठी सीडीचा उपाय उत्तम आहे आणि तो आधी करावा, हे मलाही पटते. रोजच्या कामासाठी मात्र मी तो सुचवणार नाही. मोजणी संपली की प्रत्येक वेळी लॅपटॉप बंद करून दुसऱ्या प्रणालीत सुरू करायचा, फाइली हलवायच्या आणि पुन्हा विंडोजमध्ये यायचे, असा क्रम प्रयोगशाळेत टिकत नाही. लोक कंटाळतात आणि फाइली साचत राहतात. ज्या व्यवस्थेत नक्कल घेणे जिकिरीचे असते, तिथे नक्कल घेतली जात नाही.

उंबरठा

प्रयोगशाळेत वायफाय असेल तर वायरलेस कार्डच का घेऊ नये? केबलचा प्रश्नच उरणार नाही.

चुंबकसूची

विंडोज ९८ मध्ये वायफायसाठी आवश्यक असलेली डब्ल्यूपीए२ सुरक्षा अंगभूत नाही. ती सुरक्षा २००४ मध्ये आली आणि एक्सपीलासुद्धा ती सर्व्हिस पॅक २ नंतरच्या एका अद्ययावतीकरणाने, पुढे २००८ मधील सर्व्हिस पॅक ३ मधून मिळाली. त्या काळातील बहुतेक ८०२.११बी (जुन्या वायफाय प्रकारच्या) कार्डांना केवळ डब्ल्यूईपी ही जुनी, कमकुवत सुरक्षा येते, आणि त्यांच्यासाठी संपूर्ण जाळ्याची सुरक्षा डब्ल्यूईपीवर उतरवणे अत्यंत चुकीचे ठरेल. वायरलेसच हवे असेल तर क्लायंट मोडमध्ये चालणारा (म्हणजे असलेल्या वायफायला स्वतः जोडून घेणारा) एक छोटा राउटर घ्यावा, वायफायचा सगळा भाग त्याच्यावर सोपवावा आणि लॅपटॉप त्याला केबलने जोडावा. लॅपटॉपच्या दृष्टीने ती साधी ईथरनेट जोडणीच राहते. परंतु मूळ प्रश्नात दोन संगणक एकाच टेबलावर असतील, तर मधे काहीच नको.

धूळपाटी

दोन्ही संगणक खरोखर शेजारीशेजारी आहेत. सीडीवरून तपासले, कार्ड आणि जोडवायर दोन्ही ठीक निघाले. त्यानंतर 'अदर' फोल्डरातील एक्सपीची फाइल हलवली, विंडोज ९८ चा ड्रायव्हर बसवला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड आता कोणत्याही खुणेशिवाय दिसते आहे. हिरवा दिवाही लागतो.

आता पुढची अडचण आली. लॅपटॉप आणि विंडोज १० चा संगणक एका केबलने थेट जोडले आहेत. 'विनआयपीसीएफजी' चालवल्यावर कार्डाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. लॅपटॉपवरून दुसऱ्या संगणकाला पिंग केले (जोडणी तपासणारा संदेश पाठवला) तर उत्तर येत नाही आणि नेटवर्क नेबरहुडमध्येही तो दिसत नाही. शिवाय लॅपटॉप सुरू होताना आता नाव आणि पासवर्ड विचारू लागला आहे, पूर्वी तो विचारत नव्हता.

तारजोड

यातील एकही गोष्ट बिघाडाची नाही.

पत्ता वाटणारा राउटर मधे नसला की विंडोज ९८ स्वतःहून १६९.२५४ च्या गटातील एक पत्ता घेते. थेट जोडणीत हे अपेक्षितच आहे. तरीही दोन्हीकडे कायमचे पत्ते देणे बरे. तुमचा दुसरा संगणक वायफायवर असेल तर त्याचा गट कोणता आहे ते पाहावे आणि या केबलसाठी वेगळा गट निवडावा, नाहीतर कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठायचा याचा त्या संगणकाचा गोंधळ होतो. वायफायवर १९२.१६८.१ असेल, तर येथे लॅपटॉपला १९२.१६८.५०.२, दुसऱ्या संगणकाच्या ईथरनेटला १९२.१६८.५०.१ आणि दोघांना २५५.२५५.२५५.० असा मास्क द्यावा. लॅपटॉपच्या नेटवर्क यादीत टीसीपी/आयपी दोनदा दिसत असेल, एकदा डायल-अप अडॅप्टरसाठी आणि एकदा कार्डासाठी; पत्ता कार्डासमोरच्या ओळीत भरायचा आहे. गेटवेची (बाहेरच्या जाळ्याच्या वाटेची) जागा दोन्हीकडे रिकामी सोडावी. विंडोज ९८ साठीचा आधार ११ जुलै २००६ रोजी संपला, त्यामुळे या लॅपटॉपला इंटरनेटची वाट अजिबात देऊ नये.

पिंगचे उत्तर न येण्यामागे बहुधा विंडोज १० चे फायरवॉल आहे. उलट दिशेने, म्हणजे विंडोज १० वरून लॅपटॉपला पिंग करावे. विंडोज ९८ मध्ये फायरवॉल नसल्यामुळे ते उत्तर अडवणार नाही आणि जोडणी ठीक आहे की नाही हे लगेच कळेल.

नेटवर्क नेबरहुडचा नाद मात्र सोडून द्यावा. विंडोज ९८ ला फाइली वाटून घेण्याची जी पद्धत कळते तिला एसएमबी१ म्हणतात आणि विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून ती नव्या प्रणालीत मुळातच बसवलेली नसते. ती परत चालू करता येते, पण तसे करू नये. ती काढण्यामागे सुरक्षेची खरी कारणे आहेत आणि केवळ या लॅपटॉपसाठी चांगला संगणक उघडा पाडणे योग्य नाही. त्याऐवजी विंडोज १० वर एफटीपी (फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) सर्व्हर सुरू करावा. विंडोज ९८ मध्ये 'एफटीपी' ही आज्ञा डॉसच्या खिडकीत आधीपासूनच मिळते, त्यासाठी काहीही बसवावे लागत नाही. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो हे खरे, परंतु दोन संगणकांमधील एका केबलपुरता तो वापर मर्यादित ठेवला आणि फायरवॉलमध्ये केवळ लॅपटॉपच्या पत्त्याला परवानगी दिली, तर ते स्वीकारार्ह आहे.

सुरुवातीचा पासवर्ड हवा नसेल तर नेटवर्कच्या खिडकीत 'प्रायमरी नेटवर्क लॉगऑन' या ठिकाणी 'विंडोज लॉगऑन' निवडावे आणि पुढच्या वेळी विचारल्यावर पासवर्ड रिकामा सोडून पुढे जावे.

चुंबकसूची

प्रयोगशाळेच्या नोंदी आहेत म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगतो. विंडोजमधील ती एफटीपी आज्ञा सुरुवातीला मजकुराच्या पद्धतीने फाइली पाठवते. त्या पद्धतीत ओळींच्या शेवटांचे रूपांतर होऊ शकते आणि मोजणीच्या द्विमान (बायनरी) फाइलीचा आकार बदलून ती निरुपयोगी होऊ शकते, तीही कोणतीही चूक न दाखवता. म्हणून जोडणी झाल्यावर पहिली आज्ञा 'बायनरी' ही द्यावी आणि फाइल पोहोचल्यावर दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते पाहावे.

दुसरे असे की या मार्गाने पाठवलेल्या फाइलीवर पोहोचल्याची तारीख पडते, मूळ मोजणीची राहत नाही. तुमच्या फाइलींच्या आत तारीख नोंदलेली नसेल, तर पाठवण्यापूर्वी लॅपटॉपवर त्या फोल्डरची 'डीआयआर' आज्ञेने मिळणारी (नावे, आकार आणि तारखा यांची) यादी एका मजकूर फाइलीत उतरवून घ्यावी आणि तीही सोबत पाठवावी.

धूळपाटी

उलट दिशेने केलेल्या पिंगला लगेच उत्तर आले. एफटीपीही चालले. 'बायनरी' आज्ञा देऊन जुन्या नोंदींचा पूर्ण फोल्डर पाठवला, आकार सर्वत्र जुळले आणि यादीची फाइल त्याच फोल्डरात ठेवली आहे. यंत्राचे सॉफ्टवेअर पूर्वीसारखेच चालते, सिरियल पोर्टवर काही परिणाम झालेला नाही. वेग मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटतो, मोठी फाइल जाताना मधेच अडखळते. हे जुन्या लॅपटॉपमुळे आहे असे समजावे का?

तारजोड

लॅपटॉप काही प्रमाणात मंद असणारच, पण अडखळण्याचे कारण वेगळे असू शकते. कार्डाच्या प्रॉपर्टीजमधील 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर जोडणीचा प्रकार पाहावा. तेथे कोणीतरी पूर्वी '१०० फुल डुप्लेक्स' असे ठरवून ठेवले असेल आणि विंडोज १० कडील बाजू 'ऑटो'वर असेल, तर ऑटोची बाजू वेग ओळखते, परंतु डुप्लेक्स ओळखू शकत नाही आणि हाफ डुप्लेक्स धरून चालते. एक बाजू एकाच वेळी बोलते आणि ऐकते, दुसरी तसे करायला तयार नसते. परिणामी पाठवलेले तुकडे वारंवार गमावले जातात. दोन्ही बाजू 'ऑटो'वर ठेवाव्यात. त्यानंतरही अडखळत असेल, तर दोन्हीकडे '१०० हाफ' ठरवून पाहावे. तुमच्या फाइलींच्या आकाराला तो वेग पुरेसा आहे.

सिरियल पोर्टबद्दल आपण लिहिलेत म्हणून सांगतो. कार्डबस कार्ड पीसीआयप्रमाणे आयआरक्यू (उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याचा क्रमांक) इतरांबरोबर वाटून घेते, त्यामुळे सीओएम१ च्या, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टच्या, ४ क्रमांकाला धक्का लागत नाही. पुढे कधी हे कार्ड बदलून १६ बिटांचे घ्यावे लागले, तर त्याला स्वतंत्र आयआरक्यू लागेल. तेव्हा बायोसमधील इन्फ्रारेड पोर्ट बंद करावा, म्हणजे सहसा त्याने अडवलेला ३ क्रमांक मोकळा होतो.

धूळपाटी

कार्डाच्या बाजूला '१०० फुल' हेच ठरवलेले होते. 'ऑटो' केल्यावर अडखळणे थांबले.